विनामूल्य विद्यामंदिरें कशीं महागलीं

रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. वरतंतूपाशीं चौदा विद्यांचें अध्ययन संपल्यावर कौत्सानें गुरुदक्षिणेचा आग्रह धरिला. तुझी इतक्या दिवसांची सेवा हीच दक्षिणा, असें गुरूनें सांगून पाहिलें. पण शिष्य ऐकेना. तेव्हां गुरूनें चिडून विद्येस एक कोटि ह्या हिशेबानें चौदा कोटि द्रव्य आणावयास सांगितलें. कौत्स रघूच्या दारीं गेला, तों रघूनें विश्वजित् यज्ञांत सर्वस्व देऊन टाकिलेलें. अतिथीला अर्घ्य देण्यापुरतें मातीचें पात्र तेवढें त्याच्याजवळ उरलें होतें. तरी त्यानें याचकास विन्मुख धाडिलें नाहीं. कुबेरावर चाल करण्याचा त्यानें बेत केला, आणि ती होण्यापूर्वींच रातोरात त्याच्या कोशागारांत सोन्याचा पाऊस पडून कौत्साचें काम झालें. ह्या कथेंतील औदार्याची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस तींतील व्यवहार अधिक विचार करण्याजोगा वाटतो. मागणारा गुरु, देणें लागणारा शिष्य, आणि प्रत्यक्ष देणारा तिसराच! विद्येचा खर्च बहुधा असा तिसऱ्याच्या अंगावर पडत आला आहे. तो तिसरा कोण, आणि तो कोणाकरितां देतो, हें पाहिलें म्हणजे त्या त्या काळच्या समाजाची परीक्षा होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खासगी विद्यापीठांच्या फीचे आंकडे आमच्याकडील वर्तमानपत्रांतून वारंवार येत असतात. कारण तिकडे जाणाऱ्या आमच्या मुलांची संख्या थोडी नाहीं. हार्वर्ड कॉलेजांत इ. स. २०२४-२५ ह्या वर्षीं शिकवणीची फी ५६,५५० डॉलर होती, आणि राहण्याजेवण्याचा व इतर खर्च धरून एकंदर आंकडा ८२,८६६ डॉलरांवर गेला होता. चार वर्षांचा हिशेब करूं गेल्यास तो तीन लाख तीस हजार डॉलरांच्या घरांत जातो. हे आंकडे वाचून दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. एक, उत्तम वस्तूस उत्तम मोल पडावयाचेंच. दुसरा, पूर्वीं विद्या दानधर्मावर चाले, आतां तिचा बाजार झाला. इतिहास पाहूं लागलें म्हणजे हे दोन्ही उद्गार अपुरे वाटतात. ज्या देशांत आज हे भाव आहेत त्याच देशांतील कांहीं नामांकित खासगी संस्थांत एके काळीं शिकवणीची फी मुळींच नव्हती. म्हणून पहिला उद्गार लटका पडतो. आणि ती नव्हती तेव्हां त्या संस्थांचें दार सर्वांस उघडें होतें असेंही नव्हे; म्हणून दुसराही पुरा टिकत नाहीं. अशा तीन संस्थांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परंतु त्यापूर्वीं ‘खासगी’ ह्या शब्दाचा थोडा उलगडा केला पाहिजे. हार्वर्डची स्थापना इ. स. १६३६ त झाली ती कोणा धनिकाच्या देणगीनें नव्हे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेनें ४०० पौंड मंजूर करून ती केली. जॉन हार्वर्ड हा धर्मोपदेशक १६३८ त वारला व आपली अर्धी मिळकत आणि सुमारें ४०० ग्रंथ ठेवून गेला, तेव्हां संस्थेस त्याचें नांव मिळालें. पुढें चार्ल्सटाउनच्या उतारावरील नावेचें उत्पन्न तिला लावून देण्यांत आलें. आणि १६४४ त तर दर कुटुंबानें कॉलेजाकरितां पायलीभर धान्य किंवा बारा पेन्स द्यावे असें आवाहन वसाहतींच्या संघानें केलें. विद्यार्थीही फी देत ती पुष्कळदां गहूं, माल्ट, मेंढरें ह्यांच्या रूपानें. कारभाऱ्याच्या जुन्या हिशेबांत ह्या जिनसांच्या नोंदी आहेत. आमच्याकडील बलुत्यासारखाच हा प्रकार म्हणावयाचा. सारांश, ज्यास आज खासगी विद्यापीठांचा मुकुटमणि समजतात तें विद्यापीठ जन्मतः गांवकीचें होतें.

सरकारी आणि खासगी ह्यांमधील भिंत खऱ्या अर्थानें उभी राहिली ती १८१९ त. डार्टमथ कॉलेजास इंग्लंडच्या राजाची १७६९ सालची सनद होती. न्यू हॅम्पशर संस्थानच्या कायदेमंडळानें १८१६ त कायदा करून ती संस्था आपल्या ताब्यांत घेऊं पाहिली. विश्वस्त सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. त्यांच्या बाजूनें डॅनिएल वेबस्टर ह्यानें भाषण केलें. आणि सरन्यायाधीश मार्शल ह्यानें असा निकाल दिला कीं, सनद हा एक करार असून संस्थानास तो एकतर्फी मोडतां येत नाहीं. ह्या निकालाचा परिणाम दूरवर पोंचला. धनिकांची खात्री पटली कीं, आपण एकदां संस्था स्थापून तिच्या सनदेंत जें लिहून ठेवूं तें आपल्या मागें कोणी सरकार बदलूं शकणार नाहीं. मृतांच्या इच्छेस इतकें कायद्याचें पाठबळ मिळाल्यावर एकोणिसाव्या शतकांत देणग्यांचा जो पूर आला त्यांत नवल नाहीं. मात्र ह्याच मृतांच्या इच्छेंत काय काय लिहिलेलें असे, तें पुढें दिसेल.

पहिली संस्था न्यूयॉर्क शहरांतील कूपर युनियन ही होय. पीटर कूपर हा १७९१ त जन्मलेला. त्यास शाळेंत जावयास मिळालें तें जेमतेम वर्षभर. गाड्या बनविणाऱ्याकडे उमेदवारी करून, पुढें सरसाच्या कारखान्यांत त्यानें पैसा मिळविला. अमेरिकेंतील पहिल्या आगगाड्यांच्या इंजिनांपैकीं एक त्यानें स्वतः बांधिलें. आपणांस जी विद्या हवी होती ती आपल्या ऐपतींत कोठें मिळेना, ही त्याची जन्माची खंत. तिच्यांतून १८५९ त ही संस्था निघाली. दिवसा मजुरी करणाऱ्यांसाठीं रात्रीचे वर्ग, स्त्रियांस प्रवेश, रात्रीं उशिरापर्यंत उघडें वाचनालय, अशी तिची रचना होती. आरंभीं कांहीं वर्गांत ऐपतदारांकडून फी घेत. १९०२ त अँड्र्यू कार्नेगी ह्याच्या देणगीची भर पडल्यावर तीही बंद झाली. ह्या संस्थेच्या मालकीची जी जमीन न्यूयॉर्कांत आहे तिच्यावर १९३० त क्रायस्लर नांवाची प्रचंड इमारत उभी राहिली, आणि तिच्या भाड्यावर एका सरसवाल्याचें विद्यादान शंभरांहून अधिक वर्षें चाललें. तिन्ही संस्थांत आम्हांस हीच अधिक आवडते. कारण येथें दाता स्वतः विद्येस मुकलेला होता.

दुसरी संस्था स्टॅनफर्ड. लीलंड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियांतील आगगाडीचा धनाढ्य मालक. त्याचा एकुलता एक मुलगा १८८४ त वयाच्या पंधराव्या वर्षीं फ्लॉरेन्स शहरीं विषमज्वरानें वारला. त्या दुःखांत नवराबायकोंनीं जें विद्यापीठ स्थापिलें तें १८९१ च्या ऑक्टोबरांत उघडलें, आणि त्यांत शिकवणीची फी ठेविली नाहीं. पहिल्याच तुकडीत हर्बर्ट हूव्हर नांवाचा एक पोरका मुलगा आला. धोबीखान्याची दलाली वगैरे कामें करून तो आपला बाकीचा खर्च भागवी. हाच पुढें त्या देशाचा अध्यक्ष झाला.

दोन वर्षांतच, १८९३ त, लीलंड स्टॅनफर्ड वारला आणि मिळकत वारसाच्या कामांत अडकून पडली. त्यांत आगगाडीस दिलेल्या कर्जापायीं संयुक्त सरकारनें सुमारें दीड कोटि डॉलरांचा दावा लाविला. विद्यापीठ बंद करावें असा सल्ला अनेकांनीं दिला. जेन स्टॅनफर्ड हिनें तो मानिला नाहीं. न्यायाधीशानें तिच्या घरखर्चास दरमहा दहा हजार डॉलर मंजूर केले होते; तिनें आपले नोकरचाकर कमी केले, आणि प्राध्यापकांचे पगार ह्या घरखर्चांतून भागविले. १८९६ त सुप्रीम कोर्टाचा निकाल तिच्या बाजूनें लागला. तरी पैशाची तंगी इतकी कीं, १८९७ त ही बाई आपले दागिने विकण्याकरितां लंडनास गेली. विद्यार्थ्यांवर फी बसविली असती तर हा सारा त्रास वांचला असता. पण तो विचार तिनें टाळला. अशा बाईविषयीं आदर वाटल्याखेरीज कसा राहील?

आणि तरीही, ह्याच बाईनें १८९९ त नियम घातला कीं, विद्यापीठांत एका वेळीं ५०० हून अधिक स्त्रिया असूं नयेत! मुलाच्या स्मारकास मुलींचें विद्यालय म्हणून नांव पडेल ही तिला भीति. हा नियम १९३३ पर्यंत चालला. म्हणजे दाम पडत नव्हता, पण पांचशेएकावी मुलगी कितीही हुशार असली तरी तिला दाराबाहेर राहावें लागे. फी मात्र त्यापूर्वींच, १९२० त, आली. पहिल्या महायुद्धानें महागाई झाली होती. प्राध्यापक अन्यत्र अधिक पगारावर जात होते. आणि कायम निधीचें व्याज पुरेनासें झालें होतें. त्या वेळच्या विश्वस्तांत हर्बर्ट हूव्हर होता. फुकट शिकून वर आलेल्या माणसानें फीस संमति द्यावी, ह्यावरून त्यास कृतघ्न म्हणण्याचा मोह होतो. पण तें बरोबर होणार नाहीं. शिक्षकास अर्धपोटीं ठेवून शिष्यास फुकट शिकवावयाचें, हा धर्म फार दिवस चालत नाहीं.

तिसरी संस्था टेक्ससमधील ह्यूस्टन शहरींची राइस ही होय, आणि तिची गोष्ट सर्वांत विलक्षण. विल्यम मार्श राइस ह्यानें टेक्ससांत व्यापार, कापूस आणि जमिनी ह्यांत पैसा केला. गुलामगिरीच्या काळांत त्याच्या पदरीं गुलामही होते. १८९१ त त्यानें एका विद्यालयाची सनद करून ठेविली. तें विद्यालय आपल्या मरणानंतर उघडावें अशी त्याची इच्छा होती. १९०० च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षीं तो मेला. मरण नैसर्गिकच समजलें गेलें असतें. पण त्याच्या सहीचा म्हणून बँकेंत आलेल्या मोठ्या रकमेच्या चेकावर अल्बर्ट पॅट्रिक ह्या वकिलाच्या नांवांतील एक अक्षर गळलें होतें, आणि एका कारकुनाची नजर तेथें अडली. चौकशीअंतीं उघडकीस आलें कीं, ह्या वकिलानें खोटें मृत्युपत्र तयार करून, राइसच्या खासगी नोकराकरवीं क्लोरोफॉर्मनें त्याचा खून करविला होता. एका गळलेल्या अक्षरावर एक विद्यापीठ वांचलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तें विद्यालय १९१२ त, धन्याच्या मृत्यूच्या तिथीसच, उघडलें. सनदेंत दोन अटी होत्या. एक, शिक्षण विनामूल्य असावें. दुसरी, तें ह्यूस्टन शहरच्या आणि टेक्सस संस्थानच्या गोऱ्या रहिवाशांकरितां असावें. औदार्य आणि बहिष्कार हीं दोन्ही एकाच लेखणीनें, एकाच कागदावर लिहिलेलीं होतीं. त्या शहरांतील गोऱ्या सुताराचा मुलगा एक पैसा न देतां गणित आणि स्थापत्य शिके. त्याच शहरांतील काळ्या वैद्याच्या मुलास, सगळा खर्च द्यावयास बाप तयार असला तरी, तेथें पाऊल टाकतां येत नसे.

येथें आमच्या वाचकांस एका समकालीन गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. राइसचें दार उघडल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १९१३ च्या जुलईंत, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कास पोंचले व कोलंबिया ह्या खासगी विद्यापीठांत दाखल झाले. तेथें फी होती. पण ती भरणारास जात विचारीत नसत. त्यांच्यासाठीं तिसरा दाता बडोद्याचे सयाजीराव महाराज हे होते. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें, अशी ती शिष्यवृत्ति; आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी असा करार. तेवढ्या रकमेंतून घरीं पैसे धाडून आणि पोटास चिमटा घेऊन त्यांनीं अध्ययन केलें, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले, आणि १९१५ त एम्. ए. ची पदवी घेतली. हें ऋण सेवेनें फेडावयाचें होतें, व तें फेडण्यास ते १९१७ त बडोद्यास गेलेही. पण त्या राजधानींत त्यांस राहावयास बिऱ्हाड मिळेना. पारशी खाणावळींतूनही हांकलून देण्यांत आलें. कचेरींतील शिपाई दुरून कागद टाकीत. ऋणको फेडावयास तयार, धनको घ्यावयास तयार, आणि मध्यें समाज दोघांस आडवा! परक्या देशांतील महागड्या विद्यापीठानें जें दिलें तें आपल्या मुलखांत वापरूं दिलें गेलें नाहीं. फी हा विद्येच्या वाटेवरील एक अडसर खरा. पण तो एकच अडसर आहे असें समजणारांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

राइसकडे पुन्हां वळूं. १९६० च्या सुमारास तेथील विश्वस्त पेंचांत सांपडले. १९६२ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष केनेडी ह्यांनीं चंद्रावर जाण्याविषयींचें आपलें प्रसिद्ध भाषण ह्याच विद्यापीठाच्या क्रीडांगणावर केलें. अंतराळसंशोधनाचें सरकारी केंद्र जवळच उभें राहत होतें. संशोधनासाठीं सरकारचा पैसा वाहूं लागला होता, आणि वर्णभेद पाळणाऱ्या संस्थेस तो मिळणें उत्तरोत्तर कठीण होणार हें उघड होतें. शिवाय व्याजावर चालणारा विनामूल्य कारभार मोठ्या संशोधनपीठाच्या खर्चास पुरत नव्हता. तेव्हां १९६३ त विश्वस्तांनीं न्यायालयांत अर्ज केला कीं, आम्हांस सनदेंतील दोन्ही अटी मोडूं द्याव्या: काळ्या विद्यार्थ्यांस घेऊं द्यावें, आणि सर्वांकडून फी घेऊं द्यावी. दोन माजी विद्यार्थ्यांनीं मृताच्या इच्छेचा कैवार घेऊन विरोध केला. १९६४ त निकाल विश्वस्तांच्या बाजूनें लागला. उत्तम दर्जाचें विद्यापीठ व्हावें ही संस्थापकाची मुख्य इच्छा. तिच्या आड ह्या अटी येत असतील तर त्या गौण, असा त्या निकालाचा आशय होता. १९६५ त फी सुरू झाली, आणि त्याच वर्षीं पदवीच्या वर्गांत पहिले काळे विद्यार्थी आले.

ह्या योगायोगाकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहत बसलों आहों. त्रेपन्न वर्षें गोऱ्या मुलांनीं फुकट विद्या घेतली. ज्या वर्षीं काळ्या मुलांस आंत घेतलें त्याच वर्षीं दारावर दर लाविला गेला. विश्वस्तांच्या मनांत कपट होतें असें मानण्यास आधार नाहीं. गरजू विद्यार्थ्यांस त्यांनीं शिष्यवृत्त्याही ठेविल्या. परंतु पंगतीला ज्यास उशिरां बोलावलें त्याच्यापुढें पानाबरोबर हिशेबाचा कागदही आला, ही गोष्ट तशीच राहते.

आतां फी आली ती आली. ती इतकी वाढली कां? ह्याचें एक कारण बाउमोल आणि बोएन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ त नाट्यसंगीतादि कलांच्या उदाहरणानें दाखविलें. यंत्रामुळें कापड विणण्यास पूर्वीच्या कितीएक पट कमी माणसें पुरतात. पण कीर्तनकारास दोन तासांचें आख्यान अर्ध्या तासांत उरकतां येत नाहीं, आणि उरकलें तर तें आख्यान राहत नाहीं. इतरांचे पगार वाढले म्हणजे त्याचाही वाढवावा लागतो. काम मात्र तेवढेंच. शिक्षकाचें असेंच आहे. दुसरें कारण हॉवर्ड बोएन ह्यानें १९८० त मांडिलें, व तें अधिक खोंचक आहे: विद्यापीठ मिळेल तेवढा पैसा मिळवितें आणि मिळेल तेवढा खर्चितें, कारण उत्कर्षाची त्याची हांव कोठें थांबावी ह्यास सीमा नसते. वसतिगृह, प्रयोगशाळा, क्रीडांगण, अधिकाऱ्यांचा ताफा—शेजाऱ्यापेक्षां आपलें कमी दिसूं नये ही चढाओढ. लग्नाच्या खर्चाविषयीं आमच्याकडे ज्या तक्रारी होतात त्यांहून ही फार निराळी नाहीं.

परंतु ह्या दोन्ही कारणांस ज्यानें बळ दिलें तें तिसरें कारण म्हणजे कर्ज. १९४४ त, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, रूझवेल्ट ह्यांनीं सैनिकांसाठीं जो कायदा केला त्यांत शिक्षणाच्या फीकरितां वर्षास ५०० डॉलरपर्यंत सरकार देई. तेव्हां हार्वर्डची फी ४०० डॉलर होती. म्हणजे शेतकऱ्याचा पोर युद्धावरून परतून थेट हार्वर्डांत बसूं शके. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स ह्यांस ही पीडा वाटली. पण सुमारें बावीस लाख सैनिक ह्या कायद्यानें कॉलेजांत गेले व त्यांनीं उत्तम अभ्यास केला. दक्षिणेंतील काळ्या सैनिकांस मात्र कायद्यानें दिलेलें व्यवहारांत फारसें मिळालें नाहीं. हें दान होतें. परतफेड युद्धभूमीवर आधींच झालेली होती. पुढें रशियाच्या उपग्रहानें घाबरून १९५८ त, आणि विशेषतः जॉन्सन ह्यांच्या १९६५ च्या कायद्यानें, दानाच्या जोडीला कर्ज आलें. हेतु चांगलाच होता. ज्याच्याजवळ गहाण टाकण्यास कांहीं नाहीं त्यास सावकार उभा करीत नाहीं. म्हणून सरकार जामीन राहिलें. पण जामीन सांपडला म्हणजे ऋणकोही धीट होतो, सावकारही, आणि दुकानदारही! सरकारी साहाय्य वाढलें कीं कॉलेजें फी वाढवितात, असा आरोप शिक्षणमंत्री बेनेट ह्यानें १९८७ त उघडपणें केला. त्याच्या आरोपाची मात्रा किती खरी ह्याविषयीं अर्थशास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाहीं.

कर्जाचा पाश मात्र उत्तरोत्तर आवळत गेला, ह्याविषयीं वाद नाहीं. १९७६ त कायदा झाला कीं, दिवाळें काढून विद्यार्थ्यास पहिलीं पांच वर्षें ह्या कर्जांतून सुटतां येऊं नये. १९९८ त ती मुदतही काढून टाकिली. आणि २००५ त खासगी सावकारांच्या शिक्षणकर्जांसही तेंच संरक्षण मिळालें. जुगारांत बुडालेल्यास दिवाळें काढण्याची वाट मोकळी, आणि व्याकरण शिकलेल्यास असह्य हालांचा पुरावा दिल्याखेरीज ती बंद, असा हा न्याय. सरकारी व खासगी विद्यापीठांतील सर्वांचें मिळून हें कर्ज दीड लाख कोटि डॉलरांहून अधिक झालें आहे. त्यांतील कांहीं माफ करण्याची अध्यक्ष बायडन ह्यांची योजना सुप्रीम कोर्टानें २०२३ च्या जूनमध्यें रद्द केली. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें आमच्याकडे मानिलीं आहेत, व त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें शास्त्रकार सांगतात. तिकडे अध्ययनानेंच तें चढतें.

ह्या संदर्भांत येल विद्यापीठाचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९७१ त त्यानें विद्यार्थ्यांस फी पुढें ढकलण्याची सवलत दिली: दर हजार डॉलरांमागें पदवीनंतर उत्पन्नाचा ०·४ टक्का दरसाल द्यावा, आणि एका तुकडीचें सारें कर्ज फिटेपर्यंत, फार तर पसतीस वर्षें, सर्वांनीं देत राहावें. वकिलानें जास्त द्यावें, शाळामास्तरानें कमी. कल्पना समाईक कुटुंबाची. पण ज्यांस फार मिळकत झाली त्यांनीं ठराविक रक्कम भरून अंग काढून घेतलें, कांहींनीं दिलेंच नाहीं, आणि जे प्रामाणिक व मध्यम होते ते इतरांचें फेडीत बसले. १९७८ त योजना बंद झाली, आणि शतक संपतां संपतां येलनें उरलेल्या ऋणकोंची सुटका केली. पुढें अध्यक्ष झालेले क्लिंटन ह्यांनीं विद्यार्थिदशेंत ह्याच योजनेचा लाभ घेतला होता. समाईक कुटुंबांत काय होतें हें ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या शेवटाचें आश्चर्य वाटणार नाहीं.

कूपर युनियनवर हा प्रसंग सर्वांत शेवटीं आला, आणि तो सर्वांत दुःखद आहे, कारण तेथें दारिद्र्य हें कारण नव्हतें. २००६ त विश्वस्तांनीं क्रायस्लर इमारतीखालील जमीन गहाण ठेवून साडेसतरा कोटि डॉलर कर्ज काढिलें. नवी झळकती इमारत २००९ त उघडली; मध्यंतरीं २००८ त पैशाचा बाजार कोसळला होता. हप्ते डोक्यावर बसले. विश्वस्तांनीं २०१३ त जाहीर केलें कीं, पुढील वर्षापासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानें अर्धी फी द्यावी. विद्यार्थ्यांनीं अध्यक्षांच्या कचेरींत दोन महिन्यांहून अधिक काळ ठाण मांडिलें; तरी २०१४ त फी आली. पीटर कूपर ह्यानें ज्याची भीति धरिली असती तेंच घडलें: संस्थेनें काढिलेलें कर्ज तिच्या विद्यार्थ्यांनीं फेडावयाचें.

आजच्या छापील दराविषयीं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीं तर वाचकांचा गैरसमज होईल. तो दर बहुतेकांस पडत नाहीं. खासगी कॉलेजें नव्या विद्यार्थ्यांच्या छापील फींतून सरासरीनें निम्म्याहून अधिक सूट देतात. बोहरी बाजारांतल्याप्रमाणें आधीं मोठा आंकडा सांगावयाचा, मग गिऱ्हाईक पाहून उतरावयाचें. फरक इतकाच कीं येथें गिऱ्हाइकानें आपल्या घरची सगळी जमाखर्चाची वही आधीं दुकानदारापुढें ठेवावयाची असते. अतिश्रीमंत विद्यापीठें ह्यांत बरींच पुढें गेलीं आहेत. राइसनें २०१८ त जाहीर केलें कीं, ज्या कुटुंबाचें उत्पन्न ६५,००० डॉलरांहून कमी त्याच्या मुलास फी, जेवण, निवास कांहींच पडणार नाहीं, व १,३०,००० पर्यंतच्यांस शिकवणीची फी माफ. ज्याच्या कायम निधींत पांच हजार कोटि डॉलरांहून अधिक द्रव्य आहे त्या हार्वर्डनें २०२५ त ही मर्यादा शिकवणीपुरती २,००,००० डॉलरांवर नेली. म्हणजे दाता तिसरा पुन्हां उभा राहिला आहे. पण ह्या विद्यापीठांत जागा थोड्या, अर्जदार अफाट. आणि ज्या शेंकडों लहान खासगी कॉलेजांजवळ असा निधि नाहीं त्यांचे विद्यार्थी सूट घेऊनही कर्जच काढतात. शिवाय सूट हें वचन नव्हे. सनदेंत लिहिलेली ‘विनामूल्य’ ही अट मोडावयास न्यायालयांत जावें लागलें होतें, सूट कमी करावयास विश्वस्तांची एक बैठक पुरते.

कूपर युनियनमध्यें विद्यार्थी व माजी विद्यार्थी ह्यांनीं न्यायालयांत दाद मागितली, संस्थानच्या सरकारी वकिलानें चौकशी केली, आणि २०१५ त तडजोड झाली. २०१८ त विश्वस्तांनीं दहा वर्षांत पुन्हां पूर्ण विनामूल्य शिक्षणाकडे जाण्याची योजना मान्य केली. तिच्या वाटेवर, २०२४ च्या सप्टेंबरांत, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची फी त्या वर्षापासून चार वर्षेंपर्यंत माफ केल्याचें जाहीर झालें. पहिल्या तीन वर्षांची अर्धी फी त्या मुलांनीं तोंपर्यंत भरलेली होती.